चार क्रॉस आणि एक बाण

‘क्रॉस गेला’ हे दोन शब्द आमच्या घरात २०२२ पासून इतक्या वेळा ऐकू आले की माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तो कुणीतरी नातेवाईक वाटत होता. ज्यांच्याकडे फक्त नव्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मागच्या चाकांना ओढणाऱ्या गाडीत पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब नळी फिरत असते. तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला बांधलेला आणि मागचा धुरा पाट्यांवर वरखाली उडणारा, म्हणून या नळीच्या दोन्ही टोकांना वाकू शकेल असा सांधा लागतो. त्या सांध्याच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोप्यांत सुईसारख्या बारीक रोलरांची रांग. हा तुकडा म्हणजे क्रॉस. वस्तू मुठीत मावेल एवढी, पण गाडीची सगळी ओढ तिच्यातून जाते.

आमची गाडी म्हणजे १९८९ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप. प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन, आवाज मळणी यंत्राचा आणि आसनं त्याला शोभतील अशी. आजोबांनी ती जांबोटीकडच्या शेतासाठी घेतली. भात, काजू, आणि पावसाळ्यात चिखलातून वर चढणारी वाट. आज बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि आठवड्यातून दोन-तीनदा टिळकवाडीतल्या घरून शेतावर जातात, ते याच गाडीने. दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवलं की ते ब्रेक नसलेल्या बाजूला पाय दाबत बसतात.

मी बीई मेकॅनिकल केलं बेळगावातच. नोकरी मात्र पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरची. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त असेच, त्यामुळे याचं कुणाला विशेष वाटत नाही. उद्यमबागेत एवढे कारखाने आणि फाउंड्र्या असूनही आम्ही सगळे पुणे-बेंगळुरूला पळालो, हा वेगळा विषय आहे. घरून काम सुरू झाल्यापासून मी महिन्यातले दहा-बारा दिवस बेळगावात असतो, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

जानेवारी २०२४ मध्ये चौथा क्रॉस गेला. आई-बाबा संध्याकाळी शेतावरून परतत होते. जांबोटी सोडल्यावर खालून टक-टक सुरू झाली, मग गिअर बदलताना ठणका, मग पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. बाबांनी गाडी बाजूला घेतली. टॉर्च लावून खाली पाहिलं तर मागचा शाफ्ट हाताने हलत होता. मला फोन आला तेव्हा अंधार पडला होता, आणि आई त्या रस्त्याकडेला तासभर बसून होती.

काका दुसऱ्या दिवशी आले ते एजंटचा नंबर घेऊनच. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडीची नोंदणी २०२४ मध्ये पुन्हा करायची आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीला दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि २०२२ च्या एप्रिलपासून नुसती फीच ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे. त्यात हे दर सहा महिन्यांनी. विकून टाकावी. आई म्हणाली, “ठेवा नाहीतर विका, पण मला रात्रीची त्या रस्त्यावर परत बसवू नका.” बाबा काहीच बोलले नाहीत. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि जीपच्या काचा पुसत राहिले.

काकांची भीती पोकळ नव्हती. मागचा सांधा तुटला तर शाफ्टचं शेपूट रस्त्यावर फरफटतं, खूप आवाज होतो, गाडी थांबते. पुढचा सांधा धावत्या गाडीत तुटला तर नळीचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं, आणि मागची चाकं त्यावरून गाडी उचलल्यासारखी ढकलतात. चोर्ल्याच्या घाटात असं काही झालेलं मला कल्पनेतही पाहायचं नव्हतं. म्हणून मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. कारण सापडलं तर गाडी ठेवायची, नाहीतर एजंटला फोन.

गाडी पाहणारे आमचे मिस्त्री उद्यमबागेच्या रस्त्याला तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे बसतात. मी त्यांना मामा म्हणतो. आजोबांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखाली. त्यांचं निदान ठरलेलं होतं: “हल्लीचा माल असलाच, बाळ. पयलं क्रॉस धा-धा वर्षं जायचं.” बाबांचंही तेच मत. पण तिसऱ्या वेळी मामांनी नेहमीचा सोडून दुप्पट किमतीचा, चांगल्या कंपनीचा क्रॉस घातला होता. तोही गेला.

माझ्या नोकरीत एखादा प्रोग्राम काल चालत होता आणि आज पडला, तर पहिला प्रश्न असतो: मध्ये काय बदललं? त्यासाठी प्रत्येक बदलाची नोंद असावी लागते. गाडीची अशी नोंद कुठून आणणार? पण आमच्याकडे ती होती. आजोबांनी १९८९ मध्ये एक लांबट हिशोबाची वही केली, डिझेल, ऑइल, टायर, प्रत्येक दुरुस्ती, किलोमीटरसकट. आजोबा गेल्यावर बाबांनी ती चालू ठेवली. बँकेत जन्म काढलेला माणूस, नोंद चुकणार नाही. आता तिसरी वही चालू आहे. मी तिन्ही घेऊन बसलो आणि क्रॉसच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

१९८९ पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत, साधारण १ लाख ४० हजार किलोमीटरांत, क्रॉस बदलले होते तीनदा. त्यानंतर जून २०२२, डिसेंबर २०२२, जुलै २०२३, जानेवारी २०२४. मधली अंतरं होती ३,१००, २,७००, ३,४०० आणि २,९०० किलोमीटर. आणि दर वेळी मागचाच शाफ्ट, डिफरन्शियलकडचाच सांधा.

हे आकडे पाहून मी मालाचा संशय जवळजवळ सोडून दिला. माल खराब असेल तर एखादा क्रॉस पाचशेवर जाईल, एखादा आठ हजार काढेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे चार तुकडे तीन हजारांच्या आसपास येऊन एकामागोमाग मरत असतील, तर त्यांना कुणीतरी एकाच मापाने मारतंय. आणि यातलं ३,१०० कुठून मोजलं होतं? फेब्रुवारी २०२२ च्या नोंदीपासून. बाबांच्या अक्षरात: ‘क्लच प्लेट बदलली. प्रवासात.’ गाडी बाहेरगावी अडकली होती, रस्त्यातल्या एका गॅरेजात काम करून घेतलं होतं. जीपची क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट सोडावा लागतो.

मला इथे थांबून सरळ मामांकडे जाता आलं असतं. पण वहीवरून संशय येतो, पुरावा मिळत नाही. शिवाय चाळीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला ‘तुमचा क्रॉस चांगलाय, कारण दुसरं आहे’ हे लॅपटॉपवाल्याने सांगायचं तर हातात काहीतरी ठोस हवं.

मामांनी पाचवा क्रॉस घातल्यावर मी गाडी मोजायला घेतली. आजकालच्या फोनमध्ये हादरे मोजणारा सेन्सर असतो. माझ्या फोनचा सेकंदाला २०० वेळा नोंद करतो. दोन आसनांच्या मधल्या पत्र्यावर फोन पट्टीने घट्ट चिकटवला. खडूने टायरवर खूण करून एका फेऱ्यात गाडी किती जाते ते मोजलं: जवळपास २.२ मीटर. मग मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून शाफ्ट हाताने फिरवला आणि चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे मोजले. पाच आणि वर थोडे, ५.४ च्या जवळ.

आता साधं गणित. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचे सेकंदाला साडेचार फेरे, शाफ्टचे साडेचोवीस. चाक वेडंवाकडं असेल तर हादरा सेकंदाला साडेचार वेळा येईल. शाफ्टचा तोल बिघडला असेल तर साडेचोवीस वेळा. आणि सांध्यांची भानगड असेल तर त्याच्या दुप्पट, ४९ वेळा. हे ‘दुप्पट’ का, ते पुढे सांगतो.

खानापूर रस्त्यावर पहाटे रहदारी नसताना बाबांनी गाडी टॉपमध्ये ३६ ला धरली. आलेख काढला तर ४९ वर सरळ सुळका. मला आनंद झाला तो दहा मिनिटं टिकला. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, आणि टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. म्हणजे इंजिनाचा स्वतःचा हादराही बरोबर ४९ वरच येणार. मामा नेहमी म्हणत, “डिझेल हाय, हालणारच,” त्यात तथ्य होतं. दोन आवाज एकमेकांच्या आड लपले होते. यावर उपाय सोपा आहे. तोच वेग, गिअर तिसरा. इंजिन जोरात फिरायला लागलं आणि त्याचा सुळका ७० च्या पुढे सरकला. ४९ वर दुसरा तसाच उभा राहिला. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तेव्हा तो बुटका झाला, पण गेला नाही. म्हणजे तो इंजिनाचा नव्हता.

जीप चारही चाकांवर चालणारी असल्याने शाफ्ट दोन आहेत, पुढचा आणि मागचा. आम्ही आधी पुढचा काढून ठेवला आणि तोच रस्ता धरला, फरक शून्य. मग तो लावून मागचा काढला आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर ओढली. ४९ वरचा सुळका जमिनीला मिळाला. आमच्या धंद्यात याला बायसेक्ट म्हणतात, अर्धं-अर्धं बाजूला काढत दोषी शोधणं. मामांचा मदतनीस पोरगा एकाच दिवसात तिसऱ्यांदा तेच नट सोडत होता आणि मला कन्नडमध्ये जे काही म्हणत होता ते मी न समजल्यासारखं केलं. (कुणी हे घरी करणार असेल तर एक लक्षात ठेवा: मागचा शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून मागची चाकं अडत नाहीत. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली सरकू नका.)

आता ते दुप्पट. असा सांधा सरळ रेषेत फिरला तर काही बिघडत नाही. पण कोनात वाकवून फिरवला की गंमत होते. एका बाजूचा दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसऱ्या बाजूचा एका फेऱ्यात दोनदा थोडा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून तो हुक्स जॉइंट. आम्हाला ‘किनेमॅटिक्स ऑफ मशीन्स’ मध्ये याच्यावर हमखास प्रश्न यायचा, आम्ही तो पाठ करून लिहायचो, आणि तो आपल्या अंगणातल्या गाडीखाली आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार साधारण दीड टक्का. ऐकायला थोडा वाटतो, पण सेकंदाला ४९ वेळा, आणि मागे अख्ख्या गाडीचं वजन.

मग शाफ्टवाल्या गाड्या चालतात कशा? तर सांधे दोन असतात. पुढचा सांधा जो हिसका देतो, तोच मागचा सांधा उलटा देऊन मिटवून टाकतो. त्यासाठी अटी दोन. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन टोकांना जे दोन कानांसारखे योक असतात ते एकाच पातळीत हवेत. ते एकमेकांशी तिरके झाले की मिटवामिटव बिघडते. पूर्ण काटकोनात गेले तर हिसका मिटायच्या ऐवजी दुप्पट होतो.

कोन मी फोननेच मोजले, दोन्हीकडे जवळपास सारखे, नऊ-दहा अंश. पाटे ठीक, गिअरबॉक्सचे रबर ठीक. उरली दुसरी अट. शाफ्ट एकसंध नसतो. पाटे दबले-उठले की त्याची लांबी बदलावी लागते, म्हणून तो मध्ये दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा, खाचांचा असतो. हे दोन तुकडे वेगळे झाले तर परत बसवताना कुठल्याही खाचेत बसतात. गाडी काही तक्रार करत नाही, निदान त्या दिवशी तरी.

त्या संध्याकाळी मी मामांना आलेख दाखवला. त्यांनी तो शेजाऱ्याच्या लग्नाचा फोटो पाहावा तसा पाहिला. त्यांना पटलं ते वेगळंच. “मागचा काढल्यावर थांबलं? नक्की?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मग पोराला शाफ्ट आणायला सांगितला. दोन विटांवर आडवा ठेवला. मी म्हटलं, “मामा, दोन टोकांच्या योकवर दोन पट्ट्या ठेवून बघूया का?” त्यांनी दोन पोलादी पट्ट्या ठेवल्या, एका टोकाला उकिडवे बसले, एक डोळा मिटला. पट्ट्या एकमेकींना छेद देत होत्या. कुणालाही दिसावं इतका.

ते काही बोलले नाहीत. डिझेलचा डबा आणि ब्रश घेतला आणि सरकत्या भागावरचा वर्षानुवर्षांचा चिखल आणि वाळलेलं ग्रीस स्वतः खरवडायला बसले. एका तुकड्यावर बाण निघाला. बोटाच्या पेराएवढा, कारखान्यात ठोकलेला. बराच वेळ घासल्यावर दुसऱ्या तुकड्यावरचा निघाला. दोघं समोरासमोर हवेत, ते होते दोन खाचांच्या अंतरावर. एकूण खाचा १६, म्हणजे ४५ अंश. मी नंतर हिशोब केला, एवढ्या तिरकसपणात मागे पोचणारा हिसका सव्वादोन टक्क्यांच्या थोडा आत येतो. एकच सांधा असता तर त्याने दिला असता त्याहूनही जास्त. १६ पैकी बरोबर जागा दोनच, बाणासमोरची आणि तिच्या नेमकी उलटी. त्या अनोळखी गॅरेजात कुणी न पाहता तुकडे जोडले असतील तर चौदा जागा आमच्याविरुद्ध होत्या.

जुने चारही क्रॉस मामांच्या भंगाराच्या डब्यातच होते. त्यांनी शोधून काढले आणि पुसून ओळीने मांडले. चारांच्याही टोकांवर सुयांचे बारीक खोल वळ, एकाच बाजूला जास्त. ग्रीस कमी पडलं असतं तर लाल गंजाची भुकटी दिसली असती. ती कुठेच नव्हती.

“चार क्रॉस मी घातलं ह्यात,” मामा म्हणाले. “ह्याच हातानं.” त्यांना दोन वर्षांपासून मोतीबिंदूचा त्रास आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. बाबांना आधीपासून माहीत होतं. म्हणूनच गाडी दुसरीकडे न्यायचा विषय काढला की ते गप्प बसायचे, काकांसमोरसुद्धा.

बाबा म्हणाले, “क्लच तुमच्याकडे नव्हता झाला. तुम्ही शाफ्ट आला तसा ठेवलात. दुसरं कुणी काय करणार होतं?”

मामांनी त्यावर उत्तर दिलं नाही. बाण समोरासमोर आणून तुकडे जोडले, नवा क्रॉस घातला, निप्पलमधून चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. बाबांनी ते पोराच्या खिशात घातले. दुसऱ्या पहाटे पुन्हा खानापूर रस्ता, पुन्हा ३६, तिसरा गिअर. ४९ वर एक लहानसा उंचवटा उरला होता. दोन कोनांत अर्ध्या अंशाचा फरक आहे, तो असणारच.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रकार नसतो. तिथे सीव्ही जॉइंट असतात, त्यांची रचनाच वेग एकसारखा ठेवण्याची असते, आणि ते मरतात ते बहुधा रबरी बूट फाटून आत धूळ-पाणी गेल्यामुळे. पण तुमच्याही गाडीत एकाच बाजूचा बूट दोनदा फाटला असेल, तर तिसरा आणण्याआधी मेकॅनिकला त्या बाजूला नेमकं काय घासतंय ते पाहायला लावा. आणि कुठलाही शाफ्ट सोडण्याआधी त्यावर पांढऱ्या रंगाने रेघ मारायला सांगा. मामा आता प्रत्येक गाडीला मारतात. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या दिवाळीनंतर झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

नोंदणी २०२९ पर्यंत झाली. काकांनी एजंटचा नंबर फोनमधून काढलेला नाही, पण विषयही काढत नाहीत. पाचव्या क्रॉसपासून आजवर ८,६०० किलोमीटर झाले आहेत. आई परवा शेतावरून अंधार पडल्यावर परतली, तेव्हा पुढच्या आसनावर झोपली होती असं बाबा सांगतात. त्या जीपमध्ये झोप कशी लागते हे कळायला मार्ग नाही.

सध्या ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून थोडं तेल गळतंय. दोन वर्षांच्या हादऱ्यांनी ते सैल झालं असावं असं मामांना वाटतं. वहीत नोंद केली आहे.